विस्मृत व्हिक्टोरियन डॉक्टरचा माग: खानेसुमारी, नोंदवह्या आणि त्यामागचे कायदे

1858 पर्यंत ब्रिटनमध्ये डॉक्टर कोणाला म्हणायचं याची एकच एक सरकारी यादी नव्हती. फिजिशियनांचं कॉलेज वेगळं, सर्जनांचं वेगळं, अपोथेकरींची, म्हणजे औषधं बनवून देणाऱ्या वैद्यांची, सोसायटी वेगळी. शिवाय स्कॉटलंड आणि आयर्लंडमधली विद्यापीठं आणि कॉलेजं आपापल्या पदव्या देत होतीच. 1815 च्या अपोथेकरी कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये पाच वर्षांची उमेदवारी आणि परीक्षा सक्तीची केली. पुढे गावोगावच्या जनरल प्रॅक्टिशनरच्या नावापुढे एमआरसीएस आणि एलएसए ही जोडी दिसू लागली, ती पहिली सर्जनांच्या कॉलेजची आणि दुसरी अपोथेकरींच्या सोसायटीची. एखाद्या विस्मृत डॉक्टरचा शोध घेताना ही अक्षरं आधी वाचावीत, कारण त्याची कागदपत्रं कोणत्या संस्थेत असतील ते त्यांवरून कळतं. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवायचा. सेंट अँड्र्यूज विद्यापीठ जुन्या काळी शिफारसपत्रांच्या आधारे एमडी देत असे. त्यामुळे ती पदवी दिसली म्हणून गृहस्थ स्कॉटलंडमध्ये शिकला असं धरून चालू नये.

1858 च्या मेडिकल अ‍ॅक्टने डॉक्टरांची नोंदणी करणारं जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन केलं आणि 1859 मध्ये पहिलं मेडिकल रजिस्टर छापून निघालं. 1 जानेवारी 1859 पूर्वी मिळवलेल्या पदवीसाठी नोंदणीची फी दोन पौंडांपर्यंत, त्यानंतरच्या पदवीसाठी पाच पौंडांपर्यंत होती. 1 ऑगस्ट 1815 च्या आधीपासून इंग्लंडात प्रॅक्टिस करणाऱ्यांना पदवी नसतानाही नोंदणी मिळे. अशा म्हाताऱ्या वैद्यांसमोर फक्त तेवढाच शेरा असतो. नोंदणी नसलेल्यांनी प्रॅक्टिस करू नये, असं मात्र हा कायदा म्हणत नव्हता. आपण नोंदणीकृत असल्याचं खोटं सांगणं हा गुन्हा होता. म्हणूनच खानेसुमारीत 'सर्जन' म्हणून आलेला माणूस रजिस्टरमध्ये सापडला नाही तरी तो तोतयाच होता असं ठरत नाही.

रजिस्टरच्या जोडीला मेडिकल डिरेक्टरी वाचायची. ती लंडनपुरती 1845 मध्ये सुरू झाली आणि लवकरच प्रांतांतल्या डॉक्टरांनाही तिने कवेत घेतलं. रजिस्टर कायदेशीर आणि कोरडं: नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, पदव्या. डिरेक्टरीतला मजकूर डॉक्टर स्वतः भरून पाठवत. त्यामुळे त्यात इस्पितळातल्या नेमणुका, लिहिलेले निबंध, पूर्वीची पदं असा ऐवज मिळतो आणि थोडी आत्मस्तुतीही. डिरेक्टरीचे खंड पाच-पाच वर्षांच्या अंतराने काढून पत्ते एका कागदावर उतरवून घ्यावेत. मग खानेसुमारी आंधळेपणाने चाळावी लागत नाही, कोणत्या साली कोणत्या गावात पाहायचं ते आधीच हातात असतं. नाव एकदम गायब झालं की मृत्यूच गृहीत धरण्याचा मोह होतो. पण कौन्सिलच्या रजिस्ट्रारने पाठवलेल्या पत्राला सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर नाव काढून टाकण्याची सोय कायद्यातच होती. पत्ता न कळवता ऑस्ट्रेलियाला गेलेला डॉक्टर रजिस्टरच्या लेखी असाच नाहीसा होतो.

आता खानेसुमारी. तिच्या रात्री अशा: 6 जून 1841, 30 मार्च 1851, 7 एप्रिल 1861, 2 एप्रिल 1871, 3 एप्रिल 1881, 5 एप्रिल 1891 आणि 31 मार्च 1901. 1841 च्या नोंदीवर फार भिस्त ठेवू नये. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे 39 वर्षांचा सर्जन 35 चा होतो. कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलंच नाही. जन्मस्थळाच्या रकान्यात जन्म त्याच कौंटीतला (जिल्ह्यातला) की नाही एवढंच आहे. 1851 पासून नातं, विवाहस्थिती आणि जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीचा गाव-विभाग) हे रकाने आले. डॉक्टरांनी आपली पदवी कोणत्या संस्थेची आणि आपण प्रॅक्टिस करतो की नाही हेही लिहावं, अशी सूचनाही मिळाली. घरातली बाकीची माणसंही वाचावीत. पाहुणी म्हणून आलेली मेव्हणी पत्नीचं माहेरचं आडनाव देऊन जाते, आणि 'असिस्टंट' किंवा 'प्युपिल' म्हणून नोंदलेला पोरगा दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्वतः सर्जन झालेला असू शकतो.

आपण पडद्यावर पाहतो ते अक्षर डॉक्टरचं नसतं. घरोघरी वाटलेले फॉर्म गोळा करून प्रगणक ते आपल्या वहीत उतरवत असे. 1841 ते 1901 पर्यंतचे मूळ फॉर्म नष्ट केले गेले, वह्या तेवढ्या उरल्या. पुढे लंडनच्या कचेरीत कारकुनांनी मोजणी करताना वय आणि व्यवसायाच्या रकान्यांवर पेन्सिलीच्या रेघा ओढल्या. अशा तिरप्या रेघेखाली 3 चा 8 होतो आणि 1 चा 4. आजच्या डिजिटल सूचीतल्या कितीतरी चुका याच रेघांच्या आहेत. त्यामुळे सूचीत माणूस सापडला नाही तर आडनाव सोडून द्यावं आणि नाव, जन्मगाव, व्यवसाय एवढ्यावर शोधावं. तरीही मिळाला नाही तर पानच उरलेलं नसण्याची शक्यता असते. मँचेस्टर भागातल्या 1851 च्या वह्या पाण्याने खराब झाल्या. आयर्लंडची स्थिती तर फारच वाईट: 1881 आणि 1891 च्या वह्या पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करायला गेल्या, 1861 आणि 1871 च्या त्याआधीच नष्ट केल्या गेल्या होत्या, आणि 1851 पर्यंतच्या बहुतेक 1922 च्या डब्लिनमधल्या आगीत जळाल्या.

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते हेन्री वँडाइक कार्टरच्या उदाहरणात नीट दिसतं. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या शरीररचनेवरच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या 1858 च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं त्याची, पण नाव झालं ग्रेचं. त्याचा जन्म हल शहरात 22 मे 1831 चा. सरकारी जन्मनोंदणी इंग्लंडात 1 जुलै 1837 ला सुरू झाली, म्हणजे त्याचा जन्मदाखला शोधण्यात अर्थ नाही, बाप्तिस्म्याचीच नोंद पाहायला हवी. 1851 च्या खानेसुमारीच्या रात्री तो 19 वर्षांचा होता. 1851 मधून 19 वजा केले की 1832 येतं, आणि इथेच नवखा माणूस फसतो. खानेसुमारी वसंतात होत असे, त्यामुळे त्यानंतरच्या महिन्यांत वाढदिवस असणाऱ्या प्रत्येकाचं जन्मवर्ष असं एकाने पुढे सरकतं. आडनाव कार्टर, म्हणजे पैशाला पासरी. खरी ओळख 'वँडाइक' या मधल्या नावात. बाप चित्रकार होता, तेव्हा हे नाव व्हॅन डाइक या जुन्या नामांकित चित्रकारावरून आलं हे उघड आहे. पण प्रगणकाच्या वहीत मधल्या नावाचं एकच अक्षर उरतं, किंवा तेही उरत नाही.

1858 मध्ये तो मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, कुष्ठरोग आणि मदुरा फूट हा पायाचा रोग यांवर काम केलं, 1888 मध्ये निवृत्त झाला. म्हणजे 1861, 1871, 1881 या तीन खानेसुमाऱ्या त्याच्या हिंदुस्थानातल्या नोकरीच्या काळात पडतात, आणि इंग्लंडच्या वह्यांत त्याला शोधणं व्यर्थ. त्याचं पहिलं लग्न मुंबईत 1859 मध्ये झालं, तेही इंग्लंडच्या विवाहसूचीत मिळणार नाही. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या मालिकेत आहेत (बंगाल एन/1, मद्रास एन/2). नोकरीचा तपशील हवा असेल तर क्रॉफर्डने तयार केलेली इंडियन मेडिकल सर्व्हिसची 1930 ची यादी पाहावी. मृत्यू 4 मे 1897, स्कारबरो. सरकारी मृत्युसूची तिमाहीवार असते, तिच्यात हा मृत्यू जूनला संपणाऱ्या तिमाहीत पाहायचा. 66 वा वाढदिवस अठरा दिवसांवर होता, म्हणून वय 65. कार्टरच्या रोजनिश्या आणि बहिणीला लिहिलेली पत्रं लंडनच्या वेलकम या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहात टिकली, हे त्याचं नशीब.

ज्यांचं असं काहीच टिकलं नाही, त्यांच्यासाठी लग्नाचा दाखला उपयोगी. 1837 पासून त्यावर वर आणि वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो. जन्मनोंदीला 42 दिवसांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबरमधलं मूल पुष्कळदा पुढच्या मार्चच्या तिमाहीत सापडतं. मृत्युपत्रांची छापील वार्षिक सूची 1858 पासून आहे. तिच्यात मृत्यूची तारीख, पत्ता, मालमत्तेची रक्कम आणि व्यवस्थापकांची नावं मिळतात, आणि मुलींची लग्नानंतरची आडनावं अनेकदा याच ठिकाणी पहिल्यांदा कळतात.

गरिबांसाठी नेमलेल्या सरकारी डॉक्टरांचा पत्रव्यवहार लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एमएच 12 या मालिकेत आहे. पगारावरून झालेल्या कुरबुरी, हद्दीचे वाद, पेशंटच्या तक्रारी असं सगळं त्यात आहे, पण रचना पुअर लॉ युनियननुसार (गरिबांच्या मदतीसाठी एकत्र केलेल्या पॅरिशांच्या गटांनुसार), आणि बहुतेक खंडांना नावांची सूची नाही. नेमणुकीचं साल आणि युनियनचं नाव डिरेक्टरीतून आधी काढून घेतलं नाही तर एका पत्रासाठी खंडामागून खंड उपसावे लागतात.