डिस्नेलँड वेगळं, डिस्ने वर्ल्ड वेगळं

'फ्लोरिडाचं डिस्नेलँड' असं कुणी म्हणालं की समजावं, गल्लत झाली. डिस्नेलँड कॅलिफोर्नियात, अ‍ॅनहाइमला. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड फ्लोरिडात, ओरलँडोजवळ. मधे अख्खी अमेरिका, आणि एकाचं तिकीट दुसरीकडे चालत नाही.

थोरलं डिस्नेलँड. संत्र्यांच्या बागा तोडून 160 एकरांवर जेमतेम वर्षभरात उभारलेलं. 17 जुलै 1955 चं उद्घाटन फक्त निमंत्रितांसाठी होतं, पण बनावट पासांवर हजारो लोक आत शिरले. उन्हाचा तडाखा, नवं डांबर इतकं मऊ की बायकांच्या टाचा रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची सोय आणि स्वच्छतागृहं, दोन्ही वेळेत होणं शक्य नव्हतं. वॉल्ट डिस्नेंनी स्वच्छतागृहं निवडली. निर्णय योग्यच होता, तरी बोलणी खावी लागली. पुढे कुंपणाबाहेर मोटेलं दाटीवाटीनं उभी राहिली, आणि ती जमीन डिस्नेंच्या हातात नव्हती.

म्हणून फ्लोरिडात आधी जमीन घेतली: नाव लपवून, वेगवेगळ्या कंपन्यांमार्फत, सुमारे 27,000 एकर. वॉल्ट 1966 मध्ये गेले. भाऊ रॉय यांनी निवृत्ती पुढे ढकलून काम तडीस नेलं आणि 1 ऑक्टोबर 1971 ला वर्ल्डचा पहिला पार्क, मॅजिक किंगडम, उघडला. डिस्नेलँडमध्ये काउबॉयच्या वेशातला कर्मचारी टुमॉरोलँड या भविष्यकाळाच्या विभागातून जाताना दिसे, ते वॉल्टना खटकायचं. इथे त्यावर उपाय केला. भूजल उथळ, खोल खणणं अवघड, म्हणून जमिनीवरच बोगदे बांधले आणि समोरचं तळं खोदताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली. पाहुणे फिरतात तो खरं तर पहिला मजला. कर्मचाऱ्यांची ये-जा खालून.

फोटोवरून ओळखायचं तर किल्ला पाहा. अ‍ॅनहाइमचा स्लीपिंग ब्यूटीचा, 77 फूट, गुलाबी आणि बसका. फ्लोरिडाचा सिंड्रेलाचा, 189 फूट.

बेत आखताना घोळ होतो तो दिवसांचा. अ‍ॅनहाइमला दोनच पार्क, समोरासमोर. दोन-तीन दिवस पुरतात. वर्ल्डमध्ये चार पार्क, शिवाय वॉटर पार्क, आणि एकातून दुसऱ्यात जायला बस, मोनोरेल नाहीतर बोट. मॅजिक किंगडमच्या मुख्य वाहनतळावर गाडी लावली तरी पुढे मोनोरेल किंवा फेरी घ्यावीच लागते, म्हणून तासभर आधी निघा. चार दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर एखादा पार्क सरळ सोडून द्या.