मॅथ्स की बायो? गुणपत्रिका अर्धंच सांगते

दहावीचा निकाल लागला की नागपुरात धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत घराघरांत एकच प्रश्न: अकरावीला मॅथ्स घ्यायचं की बायो? काका-मामांची बैठक बसते, गुणपत्रिका हातोहात फिरते आणि चहा संपायच्या आत पोट्ट्याचं भवितव्य ठरतं. त्याला स्वतःला कोणी विचारलंच, तर तो म्हणतो, "माझं गणित कच्चं आहे."

या वाक्यावर लगेच विश्वास ठेवू नये. समजा, एका मुलीला गणितात 88 आणि इंग्रजीत 96 गुण आहेत. वर्गाच्या मानाने 88 चांगलेच, तरी तिला आपलं गणित कच्चं वाटतं. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी 1986 मध्ये याचं कारण मांडलं. मुलं स्वतःला दोन मापांनी मोजतात: एक वर्गातल्या इतरांशी आणि दुसरं स्वतःच्याच दुसऱ्या विषयाशी. गणितातले आणि भाषेतले गुण बहुधा जोडीने चढतात-उतरतात. पण 'मला गणित येतं' आणि 'मला भाषा येते' या दोन समजुतींचा एकमेकींशी फारसा संबंध आढळत नाही. म्हणजे भाषा उत्तम असणं हेच गणिताबद्दलचा आत्मविश्वास खाली खेचू शकतं.

अमेरिकेतल्या 2013 च्या एका अभ्यासात याच्या जवळचंच काही दिसलं. गणित आणि भाषा दोन्हींत तेज असलेली मुलं विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वाटेला कमी गेली. गणितात तितकीच तेज पण भाषेत मध्यम असलेली मुलं तिकडे जास्त वळली. दोन्हींत तेज असणाऱ्यांत मुलींचं प्रमाण अधिक होतं. त्यांच्यापुढे वाटाच जास्त होत्या. 'मुलींना गणित झेपत नाही' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

दुसरी एक क्षमता गुणपत्रिकेत जवळजवळ उमटतच नाही, ती म्हणजे अवकाशीय क्षमता: वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहणं. शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये लोकांना ठोकळ्यांच्या दोन आकृत्या दाखवून विचारलं, ही एकच वस्तू आहे की तिचं आरशातलं प्रतिबिंब? दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त, आणि तोही अगदी सरळ प्रमाणात. जणू डोक्यात ती वस्तू खरोखरच फिरत होती. अमेरिकेत 1960 मध्ये सुमारे 4 लाख शाळकरी मुलांच्या क्षमता तपासल्या गेल्या आणि पुढे त्यांची वाटचालही पाहिली गेली. जे अभियांत्रिकीत किंवा भौतिक विज्ञानांत गेले, ते शाळेतच या क्षमतेत पुढे होते.

नागपूरकरांना हे परकं वाटायला नको. भारतीय खाण ब्यूरो आणि वेस्टर्न कोलफिल्ड्स, दोन्हींची मुख्यालयं इथेच आहेत. बोअरमधून निघालेले खडकाचे तुकडे पाहून जमिनीखाली कोळशाचा थर कुठे वळला असेल याचा अंदाज बांधणं, हा याच क्षमतेचा खेळ. आणि आपण मात्र अकरावीत भूगोल घेणाऱ्याला विचारतो, "काहून रे, मार्क कमी पडले का?"

ही क्षमता जन्मतः ठरून गेलेली नसते, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये प्राध्यापक शेरिल सॉर्बी यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून वस्तू हाताने रेखाटण्याचा आणि मनात फिरवण्याचा सराव करून घेतला. चाचणीतले गुण वाढले, आणि त्या शाखेत टिकून राहणाऱ्या मुलींचं प्रमाणही.

मग 'तुमचं मूल पाहून शिकतं की ऐकून' असं सांगणाऱ्या चाचण्यांचं काय? 2008 मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन चाळलं. अशा शैलीप्रमाणे शिकवल्याने मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणाऱ्यांना तर वैज्ञानिक आधारच नाही. त्यावर हजारो रुपये घालणं मला निव्वळ फसवणूक करून घेणं वाटतं.

आपल्या राज्यात 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. ती मुख्यतः आवड टिपणारी. आवड आणि क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. जनावरांवर जीव असलेल्या मुलाला पेशींची रचना पाठ करायचा वैताग येऊ शकतो.

यावर फुकटचा उपाय आहे. अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात. गणित, जीवशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र यांतला प्रत्येकी एक मधलाच धडा सुट्टीत मुलाच्या हातात द्यावा आणि मागचे स्वाध्याय सोडवायला सांगावे. बरोबर किती आली याला तूर्त महत्त्व देऊ नये. अडल्यावर ते कुठल्या पुस्तकाशी झटत बसतं आणि कुठलं मिटून ठेवतं, तेवढं पाहावं. मॅथ्स आणि बायो दोन्ही घ्यायची सोय आहेच, पण केवळ ठरवता आलं नाही म्हणून दोन्ही घेतले, तर ट्यूशनच्या फेऱ्यांत दोन्हींचा सराव मागे पडतो.