लहान ट्रॅक्टर जास्त का आदळतो?

नांगरून पडलेल्या रानातून दोन ट्रॅक्टर आडवे निघाले आहेत, एक लहान, एक मोठा. लहान ट्रॅक्टरवरच्या माणसाचा एक हात स्टिअरिंगवर आहे आणि दुसऱ्याने त्याने मडगार्डची कड घट्ट धरली आहे. प्रत्येक ढेकळाला त्याची मान झटका खाते. मोठा ट्रॅक्टर मागून येतो, तोही हलतो, पण डुलत डुलत. कारण विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, मोठा जड आहे म्हणून. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा भाग कळला तर लहान ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या कंबरेला खरोखर आराम देता येतो.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायला हवी. मोटारीला चारही चाकांवर स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर असतात. ट्रॅक्टरला सहसा नसतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल बोल्टांनी एकमेकांना जोडलेले, तोच ट्रॅक्टरचा सांगाडा, आणि तो थेट चाकांवर बसलेला. काही मोठ्या ट्रॅक्टरांत पुढच्या एक्सलला किंवा केबिनला सस्पेन्शन मिळतं, पण मागचा एक्सल बहुधा तसाच ताठ. म्हणजे ट्रॅक्टरची खरी स्प्रिंग एकच, टायरमधली हवा.

या हवेच्या स्प्रिंगवर ट्रॅक्टर सेकंदाला किती वेळा वरखाली होणार, हे टायर वजनाखाली किती दबलाय यावरूनच कळतं. दबलेलं अंतर मोजलं की वजन वेगळं विचारावंही लागत नाही. टायर अडीच सेंटिमीटर दबला असेल तर ट्रॅक्टरचा स्वतःचा ठेका सेकंदाला साधारण 3.2 वेळा, म्हणजे 3.2 हर्ट्झ. पाच सेंटिमीटर दबला असेल तर 2.2 हर्ट्झ. आता वजन दुप्पट केलं आणि त्यासोबत टायरही दुप्पट ताठ केला, तर दबणं तेवढंच राहतं आणि ठेकाही तोच. मोठ्या ट्रॅक्टरला फायदा मिळतो तो त्याच्या टायरची बाजूची भिंत उंच असते आणि तिला दबायला जागा असते म्हणून. लहान टायरला तेवढं दबायला जागाच नसते. म्हणून वरचा 3.2 हर्ट्झचा ठेका लहान ट्रॅक्टरचा समजा आणि 2.2 चा मोठ्याचा.

हा फरक अंगाला का जाणवतो? बसलेल्या माणसाचं शरीरही एक स्प्रिंगच आहे. वरखाली हलण्याच्या बाबतीत ते साधारण 4 ते 8 हर्ट्झला सर्वांत हळवं असतं. त्या पट्ट्यात पोट, छाती आणि कणा स्वतःच नाचायला लागतात आणि खालून आलेला हादरा वर पोचताना वाढतो. लहान ट्रॅक्टरचा ठेका या पट्ट्याच्या दाराशी उभा असतो. मोठ्याचा थोडा लांब.

पण मला या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ट्रॅक्टर लहान केला तरी जमीन लहान होत नाही. खड्डा, ढेकूळ, वरंबा तेवढेच राहतात.

तीस सेंटिमीटर रुंदीची एक चर घ्या. तीस सेंटिमीटर त्रिज्येचं पुढचं चाक तिच्यात चार सेंटिमीटर खाली जातं. सत्तर सेंटिमीटर त्रिज्येचं चाक दीड-दोन सेंटिमीटरच उतरतं, बाकी चर ते वरच्यावर ओलांडतं. चर तीच, धक्का निम्म्याहून कमी. तसंच लांबीचं. पुढच्या आणि मागच्या चाकांत 1.6 मीटर अंतर असेल आणि मागची चाकं दहा सेंटिमीटर उंचीच्या वरंब्यावर चढली, तर ट्रॅक्टर साडेतीन अंशांहून जास्त पुढे झुकतो. अंतर 2.8 मीटर असेल तर दोनच अंश. वजनाचं खरं काम इथे दिसतं. लांबवर पसरलेलं जड धूड पुढे-मागे झुलवणं अवघड असतं, आटोपशीर हलकं धूड चटकन झुलतं.

बाजूच्या झोक्याचा हिशोब मात्र एकतर्फी नाही, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. पुढचा एक्सल मधोमध खिळीवर फिरतो, त्यामुळे पुढचं एक चाक चढलं तरी ट्रॅक्टर फारसा कलत नाही. मागचं एक चाक चढलं की कलतो. चाकांत एक मीटर अंतर असलेला लहान ट्रॅक्टर दहा सेंटिमीटरच्या ढेकळावर जवळजवळ सहा अंश कलेल, 1.8 मीटरवाला तीनच अंश. पण लहान ट्रॅक्टरवरची बैठक समजा जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर आहे आणि मोठ्यावरची 1.6 मीटरवर. मग दोन्ही चालक बाजूला सरकतात सुमारे नऊ-नऊ सेंटिमीटर! उंचीने रुंदीचा फायदा खाऊन टाकला. शिवाय आडव्या हालचालीला शरीर 1 ते 2 हर्ट्झला सर्वांत हळवं असतं, आणि उंच केबिनचा संथ झोका नेमका त्याच्या आसपास येतो. मोठ्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसून मान आणि खांदे दुखतात अशी तक्रार ऐकली तर ती खोटी समजू नका.

वेगही असाच फसवतो. साठ सेंटिमीटरवर एक अशा वरंब्यांवरून ताशी पाच किलोमीटरने गेलं तर सेकंदाला सुमारे 2.3 धक्के बसतात, ताशी सातने गेलं तर 3.2. म्हणजे पाचच्या वेगाला मोठा ट्रॅक्टर आपल्या ठेक्यात सापडून उड्या मारेल आणि सातच्या वेगाला लहान. टायरची हवा धक्का झेलते खरी, पण उसळी विझवत नाही, ते काम शॉक अॅब्सॉर्बरचं. म्हणून ठेका जुळला की उसळी वाढतच जाते. अशा वेळी दात आवळून बसून राहण्यापेक्षा एक गिअर बदलून पाहावा. नांगर किंवा रोटाव्हेटर जमिनीत असताना माती स्वतःच उसळी बरीच दाबून टाकते. अवजार उचलून रस्त्याला लागलं की ते मागे लटकलेलं वजन झुलतं आणि पुढची चाकं हलकी होतात. माझ्या मते कंबरेचं जास्त नुकसान अशा रिकाम्या धावण्यातच होतं.

सीटबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. लहान ट्रॅक्टरची सीट टणक लागते म्हणून लोक वर जाड फोम बांधतात. फोमवर बसलेला माणूस साधारण 4 हर्ट्झला उसळतो, त्यामुळे फोम तिथलेच धक्के कमी करण्याऐवजी वाढवतो. मऊ वाटतं, पण कणा जास्त हलतो. स्प्रिंगची सीट तिच्या स्वतःच्या ठेक्याच्या 1.4 पटीपुढचेच हादरे कमी करते. 1.5 हर्ट्झची सीट असेल तर 2.1 च्या पुढे. म्हणजे लहान ट्रॅक्टरच्या 3.2 हर्ट्झला ती उत्तम लागू पडली असती. पण तशा सीटला वरखाली व्हायला आठ-दहा सेंटिमीटर जागा लागते. लहान ट्रॅक्टरात सीटच्या लगेच खाली एक्सल आणि गिअरबॉक्स बसलेले असतात. ज्याला गरज जास्त त्यालाच जागा नाही, आणि याची मला खरोखर खंत वाटते.

मुठीत आणि तळपायात येणारी झिणझिण वेगळी. दोन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे 33 वेळा पेट घेतं आणि ते थेट सांगाड्याला जोडलेलं असतं. हात बधिर होतात, पण पाठीच्या दुखण्याचं मूळ तिथे शोधू नये.

हवा भरलेले टायर ट्रॅक्टरला मिळाले 1932 च्या सुमारास, त्याआधी लोखंडी चाकं होती. ती एकमेव स्प्रिंग आजही अनेक जण हाताने निकामी करतात. रस्त्यावर टायर झिजू नये म्हणून हवा ठासून भरतात आणि शेतातही तशीच ठेवतात. वजनासाठी टायरमध्ये पाणी भरलं की हवेला उरते थोडी जागा आणि टायर दगडासारखा होतो. त्यापेक्षा लोखंडी वजनं बरी. टायर थंड असताना गेज लावून, टायरवर येणाऱ्या वजनासाठी कंपनीच्या तक्त्यात जो कमीत कमी दाब दिला असेल तेवढा ठेवावा. त्याखाली मात्र जाऊ नये.

युरोपीय संघाच्या 2002 च्या नियमात आठ तासांच्या दिवसासाठी अंगावर येणाऱ्या हादऱ्यांची दोन पातळ्यांवर मोजदाद आहे. 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडलं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि 1.15 ही कमाल मर्यादा. हिशोब वर्गाने चालतो. हादरा दुप्पट झाला की आठ तासांचा कोटा दोन तासांत संपतो, आणि हादरा निम्मा केला की दोन तासांचं काम आठ तास करता येतं. सीटखाली चालकाचं वजन लावायची मूठ असेल तर बसण्याआधी ती फिरवून घ्या. आधीचा चालक तुमच्यापेक्षा वीस किलोंनी हलका असेल, तर तुम्ही बसताच सीट खाली टेकलेली असते आणि प्रत्येक ढेकळाला ती बुडाशी आपटते.