जप, ध्यान आणि मुंगीचा मार्ग: आपल्या भागातली पार्श्वभूमी

मागच्या महिन्यात सांगलीत एका ध्यानवर्गाला गेले होते. शिकवणाऱ्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की जप ही पहिली पायरी, खरं ध्यान त्याच्या पुढचं, आणि मग फळ्यावर एक मुंगी नि एक पक्षी काढून पिपीलिका मार्ग (मुंगीसारखं हळूहळू चढत जाणं) आणि विहंगम मार्ग (पक्ष्यासारखी थेट झेप) समजावले. मुंगी म्हणजे माळ घेऊन बसणारे लोक. माझं मूळ घर जत तालुक्यातलं, आजोबा पहाटे नेमाला, म्हणजे रोजच्या ठरलेल्या नामाला बसायचे, त्यामुळे ते मुंगीचं चित्र माझ्या मनाला लागलं. हे दोन शब्द कुठून आले आणि आपल्याच भागात त्यांच्यावरून काय झालं हे बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

वेद, संध्या, गायत्री हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात जात नाही. मनुस्मृतीत विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दहापट, ओठातल्या ओठात केलेला शंभरपट आणि मनातल्या मनात केलेला हजारपट सांगितलाय. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत यज्ञांमधला जपयज्ञ मी आहे म्हणतात. योगसूत्रात ओंकाराचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना, म्हणजे चिंतन, एकाच सूत्रात येतात, म्हणजे जप करून झाला की मग ध्यान अशी वाटणी तिथे तरी नाहीये. नंतर तंत्रमार्गाने बीजाक्षरं (‘ह्रां’सारखे एकाक्षरी मंत्र), न्यास (मंत्र म्हणत अंगाला स्पर्श करणं), पुरश्चरण (ठरलेल्या संख्येचा जप विधीसकट पुरा करणं) असा मोठा पसारा उभा केला, जपाच्या दहाव्या हिश्शाचा होम, होमाच्या दहाव्या हिश्शाचं तर्पण वगैरे. ते सामान्य माणसाला झेपणारं नव्हतं.

आपल्याकडे हे सोपं झालं ते संतांमुळे. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला 12 वर्षं तेरा अक्षरी राममंत्राचा जप केला, परंपरा तेरा कोटी सांगते, आणि नंतर ते कृष्णाखोऱ्यात आले. 1648 ला चाफळचं राममंदिर, पुढे सज्जनगड, शिवाय अकरा मारुतींपैकी बहे-बोरगाव आणि शिराळा हे आजच्या सांगली जिल्ह्यातच. दासबोधाच्या सतराव्या दशकात अजपा समजावून सांगणारा समास आहे तो प्रत्येकाने एकदा नीट वाचावा. मिनिटाला 15 श्वास धरले तर दिवसरात्र मिळून 21,600 होतात, तेवढा ‘सोहं’चा जप आपोआप चाललेलाच आहे, फक्त आपलं तिकडे लक्ष नाही. म्हणजे ज्यांनी तेरा कोटी मोजले असं आपण म्हणतो तेच न मोजता चाललेला जपही दाखवतात, आणि मला तरी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत.

त्यानंतर थेट एकोणिसाव्या शतकात येते. माण तालुक्यात गोंदवल्याचे महाराज (1845 ते 1913) आणि जत तालुक्यात उमदीचे महाराज (1843 ते 1914), दोघं जवळजवळ एकाच काळातले, दोघांचेही तालुके दुष्काळी, आणि दोघांनीही आयुष्यभर नामच सांगितलं. पण सांगायची रीत वेगळी. गोंदवल्याला तोच तेरा अक्षरी मंत्र मोठ्याने, सगळ्यांसमोर, बायाबापड्या पोरंसोरं कुणीही म्हणावा. अनुग्रह (गुरूकडून दीक्षा) घेतात लोक, पण अनुग्रह नाही म्हणून कुणाचं नाम अडत नाही. उमदीच्या परंपरेत मात्र नाम गुरूकडून घ्यायचं आणि ते बाहेर बोलायचं नाही. म्हणून आमच्या जत भागात ‘नाम घेतलंय का’ असं विचारलं तर त्याचा अर्थ दीक्षा झालीय का असा होतो. गंमत बघा, जो उघड्यावर म्हणायचा त्याला मंत्र म्हणतात आणि जे गुप्त ठेवायचं त्याला नाम. बाहेरून येणाऱ्याचा इथे हमखास गोंधळ होतो. वारकऱ्यांचा ‘रामकृष्णहरी’ तर तुकोबांना स्वप्नात गुरूकडून मिळालेला मंत्र, आणि आज तो रस्त्यात भेटल्यावर करायचा नमस्कार आहे.

आता मुंगीचं. उमदीच्या महाराजांच्या गुरुपरंपरेची मुळं सीमेपलीकडच्या निंबरगीची, आणि समाधी इंचगिरीला, तेही आज कर्नाटकात. या परंपरेला लोक इंचगिरी संप्रदाय म्हणतात, मराठी-कानडी दोन्ही चालणारी, दासबोध वाचणारी. त्यांची शिस्त कडक होती, रोजचा नेम ठरलेला, बसायचं आणि नामावर ध्यान लावायचं, तासन् तास. महाराज गेल्यावर, 1920 च्या सुमाराला, त्यांच्याच एका शिष्याने, मूळचे सोलापूरकडचे सिद्धरामेश्वर महाराज, असा प्रश्न उभा केला की या ध्यानाच्याही पलीकडे जाता येतं का आणि विचाराने ते लवकर साधतं का. गुरुबंधूंना ते आवडलं नाही. गुरूंनी जे दिलं त्यात आपण बदल करणारे कोण, असं त्यांचं म्हणणं. शिष्य बाजूला झाले, विजापूरला जाऊन कित्येक महिने साधनेला बसले आणि पुढे त्यांच्या मांडणीला विहंगम मार्ग हे नाव चिकटलं. मग आपोआप जुनी रीत पिपीलिका ठरली.

माझा मुद्दा हा आहे की हे शब्द त्या वादासाठी बनलेलेच नव्हते. वराह उपनिषदात शुक ऋषींचा मार्ग विहंगम आणि वामदेव ऋषींचा पिपीलिका म्हटलाय, आणि तिथे दुसरा मार्ग म्हणजे योगाचे कष्ट, नामजप नव्हे. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात ‘विहंगममतें’ हा शब्द आहे, पण तिथे मुंगी नाहीच, पक्षी झेप घेऊन फळाला झोंबतो आणि माणूस फांदीफांदीने झाडावर चढतो, आणि माऊली सांगतात की तोही ठरलेल्या ठिकाणी नक्की पोचतो. तिथली तुलना ज्ञान आणि कर्मयोग यांची आहे. म्हणजे हटयोग, कर्म आणि नाम या तीन वेगळ्या गोष्टी एका मुंगीच्या पाठीवर लादल्या गेल्या. नाव देणाऱ्यांच्या मनात कमीपणा नसेलही, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात ‘हळू म्हणजे कच्चं’ एवढंच राहतं.

शिवाय विहंगमवाल्यांनी नाम सोडलं हेही खरं नाही. सिद्धरामेश्वरांनी 1936 ला देह ठेवेपर्यंत नाम दिलं. त्यांच्याकडून 1933 ला नाम घेतलेले मुंबईचे विडीचे दुकानदार पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून जगभर माहीत झाले, 1973 ला त्यांच्या बोलण्याचं इंग्रजी पुस्तक आलं, आणि तिथून ही पक्षी-मुंगीची भाषा परदेशात जाऊन आता आपल्या ध्यानवर्गांत परत आलीय. पण त्यांच्या खेतवाडीच्या माळ्यावर रोज भजन व्हायचं आणि मागणाऱ्याला नामही मिळायचं, हे मात्र त्या भाषेबरोबर आलं नाही. दुसऱ्या बाजूला उमदीच्याच परंपरेतले, काही काळ सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेले आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले प्राध्यापक रा. द. रानडे शेवटपर्यंत तासन् तास नामच घेत राहिले. 1933 ला महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला विचार जमत नव्हता म्हणून तो जप करत होता असं कोण म्हणेल?

याच काळात सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले, ‘ॐ ह्रां मित्राय नमः’ अशा बीजमंत्रांसकट. आधी गुरूशिवाय न मिळणारी बीजाक्षरं शाळेच्या मैदानावर आली. साताऱ्याच्या लोकांना याचं अजून पुरेसं अप्रूप नाही.

पुढचं झपाट्याने झालं. 1950 च्या दशकाच्या शेवटी उत्तरेतल्या एका महर्षींनी मंत्रध्यान परदेशी नेलं, 1968 ला ऋषिकेशला इंग्लंडचे चार गायक आले, आणि 1975 ला अमेरिकेतल्या एका हृदयरोगतज्ज्ञाने पुस्तकात सांगितलं की मंत्राच्या जागी ‘वन’ म्हटलं तरी शरीर तसंच शांत होतं. शरीरापुरतं ते बरोबर असेल, रक्तदाबाला उपयोग होत असेल तर जरूर करावं. पण गोंदवल्याला काय किंवा उमदीला काय, नाम आणि ज्याचं नाम तो वेगळा नाही हे गृहीत धरूनच माणूस बसतो, आणि ते काढून घेतल्यावर उरतं त्याला जप म्हणायचं की नाही यावर माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. आता मोबाईलवर काउंटर आहेत, तेरा कोटीचे संकल्प व्हॉट्सअपवर आकडे पाठवून पूर्ण होतात. त्यात मला काही गैर वाटत नाही, पूर्वी वहीत राम लिहायचेच की.

आजोबांनी आकडा कधीच ठेवला नाही, त्यांना फक्त वेळ माहीत होती. येत्या रविवारी वर्गाला जाताना ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातल्या त्या ओव्यांची झेरॉक्स घेऊन जाणार आहे.