चतुराची ‘नांगी’ आणि बिननावाच्या जाती

चतुर हा कीटक नांगी मारतो, असं अजूनही अनेकांना वाटतं. शेपटीच्या टोकाला दिसतो तो नराचा चिमटा. त्यात ना विष असतं, ना डंख. उलट, चतुराची जात ठरते ती बऱ्याचदा या चिमट्यावरूनच.

चतुराच्या नराच्या चिमट्यात वर दोन आणि खाली एक असे तीन आकडे (हुकासारखे अवयव) असतात, टाचणी या चतुराच्या नाजूक भाऊबंदाच्या नराला वर-खाली दोन-दोन. मिलनाच्या वेळी चतुराचा नर या आकड्यांत मादीचं डोकं धरतो, टाचणीचा नर मानेमागचा छातीचा पहिला खंड. नराच्या आकड्यांचा आकार आणि मादीच्या शरीरावरच्या खाचा जुळल्या, तरच पकड नीट बसते. जवळच्या दोन जातींचे रंग जवळपास सारखे असू शकतात. फरक असतो आकड्याच्या आतल्या एखाद्या दातात किंवा टोकाच्या बाकात, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली वरून व बाजूने पाहावा लागतो. मादीला हा चिमटा नसतो, त्यामुळे एकटी मादी हाती आली तर काम अडतं. नुकत्याच कात टाकलेल्या नराचे रंग फिके असतात, तेही फसवतात.

नमुना ॲसिटोनमध्ये साधारण एक दिवस बुडवतात. पाणी आणि चरबी निघून गेली की रंग टिकतो. उशीर झाला तर शरीर आतून कुजतं आणि खुणा काळवंडतात. डीएनएसाठी एक पाय शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात. पण डीएनए तपासला म्हणजे निकाल लागला, असं नाही. तुलनेला जवळच्या जातींचे डीएनए-क्रम उपलब्ध असावे लागतात.

हे सगळं होईपर्यंत त्या जातीला नाव नसतं, आणि नाव नाही तोवर धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत सहसा जागा नाही. सावंतवाडी तालुक्यातल्या चौकुळच्या ‘बर्मागोम्फस चौकुलेन्सिस’ या चतुराचं शास्त्रीय वर्णन २०२२ मध्ये आलं. जवळच्या आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या माशाला २०२० मध्ये नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. नावाचं वजन असं असतं.

चिरेखाण किंवा ओढ्यावरचा सिमेंटचा बांध मात्र नावासाठी थांबत नाही. बर्मागोम्फसच्या कुळातल्या अनेक जातींची पिल्लं ओढ्याच्या तळाशी वाळूत-गाळात पुरून राहतात, तो तळ उपसला की पिढीच जाते. यांतल्या अनेक जातींचे प्रौढ वर्षातला थोडाच काळ उडतात, तेव्हा एकाच पाहणीत ‘काही आढळलं नाही’ असं लिहून परवानगी देणं चूकच आहे. जागा आधी राखायला हवी, नाव मागून येईल.

फोटो काढणाऱ्यांनी शेपटीचं टोक बाजूने, स्पष्ट टिपावं. सोबत तारीख, ठिकाण आणि पाणी वाहतं होतं की साचलेलं, हेही लिहावं.