हवामान नकाशे, ऑनलाइन : माहितीचे स्रोत

मोबाइल वा संगणकाच्या पडद्यावर वारा, पाऊस, ढग व तापमान दाखवणाऱ्या नकाशांमागे दोन प्रकारची माहिती असते : वेध, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी, आणि अनुमान, म्हणजे गणिती प्रतिमानाने (मॉडेलने) काढलेली उत्तरे. दोन्ही बहुधा एकाच रंगपट्टीत रंगवलेली असल्याने हा फरक सहसा ध्यानात येत नाही.

पूर्वपीठिका : पहिला हवामान नकाशा कोणाचा, याबाबत एकमत नाही. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीच्या १६८६ च्या नकाशात व्यापारी वारे आणि मॉन्सून वारे आहेत, अरबी समुद्रावरचेही. पण ती सरासरी स्थिती होय, एखाद्या दिवसाची नव्हे. एकाच वेळच्या नोंदी एका नकाशावर मांडण्याचे श्रेय बहुतेक अभ्यासक जर्मनीच्या हाइन्रिख ब्रांडेस याला देतात. मात्र त्याने १८१६–२० च्या सुमारास जे काम केले, ते जर्मनीतील मानहाइमच्या हवामानविषयक संस्थेने जमवलेल्या १७८३ मधील नोंदींवर. म्हणजे माहिती तीन दशकांहून जुनी. तारेने (टेलिग्राफने) आलेल्या ताज्या नोंदींचे नकाशे १८५१ च्या लंडन प्रदर्शनात विकले गेले, तर इंग्रज संशोधक फ्रान्सिस गॉल्टनचा नकाशा १ एप्रिल १८७५ च्या ‘द टाइम्स’मध्ये आदल्या दिवसाची स्थिती दाखवत छापून आला. आजच्या नकाशांचे मूळ शोधायचे, तर तारेच्या नकाशांकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरावे.

वेध : वेधशाळा, स्वयंचलित केंद्रे, जहाजे, तरंगते बोये, विमाने, रडार व उपग्रह यांच्या नोंदी जागतिक हवामान संघटनेच्या दूरसंचार जाळ्यातून देशोदेशी जातात. वरच्या हवेचे फुगे मुख्यतः ०० व १२ यूटीसी (समन्वित जागतिक वेळ), म्हणजे भारतात पहाटे आणि सायंकाळी ५.३० च्या वेधांसाठी सोडतात. विमानतळांचे अहवाल सांकेतिक असतात. मुंबईचा संकेत व्हीएबीबी. त्यापुढे ‘२५०१२केटी’ असे आले, की वारा २५० अंशांवरून (पश्चिम-नैर्ऋत्येकडून) १२ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने वाहतो, असे वाचायचे.

प्रतिमाने : वेधांच्या जागा विरळ, विशेषतः समुद्रावर. म्हणून प्रतिमान आपल्याच मागील अनुमानाला नव्या वेधांनी दुरुस्त करते आणि तेथून पुढे गणित चालवते. अमेरिकेचे जीएफएस (ग्लोबल फोरकास्ट सिस्टीम) हे प्रतिमान दिवसातून चारदा चालते व विनामूल्य मिळते. बहुसंख्य नकाशे त्यावर उभे राहिले ते यामुळेच. इंग्लंडमधील रेडिंग येथील युरोपीय हवामान-अंदाज केंद्राचे (स्थापना १९७५) सुमारे ९ किमी. जाळीचे (म्हणजे ज्या चौकोनी घरांत पृथ्वी विभागून गणित करतात, त्यांच्या आकाराचे) प्रतिमान साधारणपणे सरस मानले जाते. त्याची माहिती २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुली होत गेली. जर्मनीचे आयकॉनही बरेच वापरात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम (२०२५) ६ किमी. जाळीची आहे. विंडीसारख्या (२०१४) संकेतस्थळांवर प्रतिमान बदलून पाहता येते. एकाच दिवसाचा पाऊस मग दोन ठिकाणी पडतो.

मर्यादा : जीएफएसची माहिती बहुधा पाव अंशाच्या, सुमारे २७ किमी.च्या जाळीवर घेतात. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिमी. नोंद झाली, कुलाब्याला ७५ मिमी.पेक्षाही कमी; या दोन वेधशाळांतील अंतर जाळीच्या एका घरात मावावे एवढेच. शिवाय भारतात पर्जन्यमापक सकाळी ८.३० ला वाचतात आणि चोवीस तासांचा पाऊस तेथपर्यंतचा धरतात. यूटीसी दिवसाप्रमाणे बेरीज करणाऱ्या नकाशात तोच पाऊस ५.३० ला तुटतो.