रजोनिवृत्तीनंतरच्या मूत्रमार्गाच्या तक्रारी

पाळी कायमची थांबण्याच्या सुमारास आणि त्यानंतर अनेक स्त्रियांना लघवीला जळजळ, वारंवार लघवी लागणे, घाईने लागून शौचालय गाठेपर्यंत थेंब सुटणे, रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागणे असे त्रास सुरू होतात. जोडीला योनीचा कोरडेपणा, खाज आणि संबंधाच्या वेळी दुखणे असते. अंगातून वाफा निघण्याचा त्रास बहुतेकींना काही वर्षांत कमी होतो. लघवीचा आणि योनीचा हा त्रास मात्र उपचाराविना सहसा हटत नाही, उलट वाढतो. २०१४ साली तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी या सगळ्या लक्षणांना ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ असे एकत्रित नाव दिले.

मूळ कारण म्हणजे इस्ट्रोजेनची घट. योनी, मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा तळ या तिन्ही ठिकाणच्या पेशी या संप्रेरकावर पोसलेल्या असतात. ते असेपर्यंत योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (साखरेचा साठवणीचा प्रकार) साठते, लॅक्टोबॅसिलस जिवाणू त्यावर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करून तिथला सामू (pH; हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.५ ते ४.५ राखतात. इस्ट्रोजेन घटले की अस्तर पातळ व कोरडे होते, सामू ५ च्या वर जातो आणि आतड्यातून येणाऱ्या ई. कोलायसारख्या जंतूंना तिथे ठाण मांडता येते. तिथून मूत्राशय फार दूर नाही. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा जंतुसंसर्ग झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात.

मात्र जळजळ झाली म्हणजे जंतुसंसर्ग झालाच, असे नाही. पातळ झालेले अस्तरही जळजळते. इथेच सर्वाधिक नुकसान होते: ‘उन्हाळी लागली’ म्हणून औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिक आणले जाते, त्रास जात नाही, मग दुसरे आणले जाते. जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि मूळ दुखणे तसेच राहते. म्हणून गोळी सुरू करण्याआधी लघवीचे कल्चर, म्हणजे तीत कोणते जंतू वाढतात ते पाहणारी तपासणी, करून घ्यावे. नमुना लघवीच्या मधल्या धारेचा असावा. याउलट, काहीच त्रास नसताना केवळ तपासणीत जंतू दिसले, तर बहुतेक वेळा उपचार लागत नाहीत.

सर्वांत प्रभावी उपायांपैकी एक, आणि आपल्याकडे फार कमी स्त्रियांपर्यंत पोहोचलेला, म्हणजे योनीमार्गात वापरायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन: मलम किंवा योनीत ठेवायची गोळी. सहसा पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा ते वापरतात. इस्रायलमध्ये ९३ स्त्रियांवर झालेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) मलम वापरणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, औषधविरहित मलम वापरणाऱ्यांना ५.९ वेळा. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने संसर्ग कमी झाल्याचे मात्र दिसलेले नाही. मलमातले संप्रेरक रक्तात फार थोडे उतरते. तरी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांनी आधी कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात, त्यामुळे आठवड्याभरात निराश होऊन ते सोडू नये.

गर्भाशयाची पिशवी काढताना अंडाशयेही काढली, तर हीच अवस्था तरुण वयात एकदम येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. अशा स्त्रियांच्या लघवीच्या तक्रारींकडे पाहताना हे ध्यानात घ्यायला हवे. फडात, एसटीच्या प्रवासात, बाजारात स्वच्छ शौचालय नसते, म्हणून बायका पाणीच कमी पितात आणि लघवी तासन्तास रोखून धरतात. त्यानेही संसर्गाला वाव मिळतो. मुंबईतील ‘राइट टू पी’ चळवळीने स्त्रियांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांची मागणी लावून धरली, तिचा या आजाराशी थेट संबंध आहे.

मधुमेह, मूतखडा आणि अंग बाहेर येणे यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून ती तपासावी लागतात. लघवीतून रक्त गेले, थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखू लागले, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त गेले, तर ते थोडे असले तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.